फुगलेली महाधमनी आणि उपाशी आतडी

आमच्या वस्तीतल्या एका काकांनी गेल्या वर्षी जेवण कमी केले. वय ६७, आयुष्यभर प्लंबिंगची कामे केलेली, दिवसाला एक बंडल विडी. सून ताट वाढायची, काका अर्धी भाकरी खाऊन उठायचे. घरच्यांना वाटले, वय झाले, भूक मंदावली. पण काका एकदा मला म्हणाले, "भूक लागते रे बाबा. पण खाल्लं की अर्ध्या तासात बेंबीच्या आजूबाजूला असं दुखतं की परत खायची भीती वाटते." आठ महिने अॅसिडिटीच्या गोळ्या चालल्या. एंडोस्कोपी झाली, तीत काही सापडले नाही. वजन ५८ किलोवरून ४७ वर आले.

शेवटी मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली, आणि खड्याऐवजी दुसरेच निघाले. पोटातली मुख्य रक्तवाहिनी ६.२ सेंटिमीटर फुगलेली होती. एका रुग्णालयात सांगितले की मांडीतून ग्राफ्ट टाकू, चार दिवसांत घरी. फाइल माझ्याकडे आली ती पैशांची सोय करायची म्हणून. योजना, ट्रस्टची रुग्णालये, अर्ज, दाखले हे माझे नेहमीचे काम. या धावपळीत दुसऱ्या एका सर्जनना सीटी स्कॅन दाखवला. त्यांनी स्क्रीनवर बराच वेळ चित्रे वरखाली केली आणि पैशांचे, वयाचे काहीही न विचारता काकांना म्हणाले, "जेवल्यावर दुखतं का?"

त्या प्रश्नाने ऑपरेशनच बदलले. का बदलले, ते सांगण्यासाठी हा लेख. मी डॉक्टर नाही, समाजशास्त्र शिकलेला कार्यकर्ता आहे. पण रुग्णासोबत ओपीडीत बसणारे आपणच असतो, आणि डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेले नातेवाइकांना दोन तास समजावणारेही आपणच.

आधी शरीरातली नळजोडणी समजून घेऊ. हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली येते, छाती आणि पोट यांच्यातला पडदा ओलांडते आणि पाठीच्या कण्याला लागून बेंबीच्या पातळीपर्यंत जाते. तिथे तिचे दोन फाटे होऊन ते दोन पायांकडे जातात. पोटातल्या या प्रवासात तिला महत्त्वाची कनेक्शन्स आहेत. पडद्याच्या लगेच खाली सिलिअॅक धमनी निघते. ती जठर, यकृत आणि प्लीहा यांना रक्त देते. तिच्या एक-दोन सेंटिमीटर खाली वरची आंत्रधमनी. डॉक्टर तिला एसएमए म्हणतात. जवळजवळ सगळे लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग तिच्यावर जगतो. त्याखाली दोन बाजूंना दोन मूत्रपिंडांच्या धमन्या. मग बराचसा मोकळा पट्टा, आणि त्या पट्ट्यातून निघणारी एक बारीक फांदी, म्हणजे खालची आंत्रधमनी किंवा आयएमए. तिच्याकडे मोठ्या आतड्याचा डावा भाग असतो.

पोटातल्या महाधमनीची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. ती ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाली की तिला एन्युरिझम म्हणतात, मराठीत धमनीविस्फार. रबराच्या जुन्या ट्यूबला एका ठिकाणी फुगा यावा तसे. बहुतेक वेळा हा फुगा त्या मोकळ्या पट्ट्यातच येतो, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली. म्हणजे आयएमए ही फांदी बहुधा फुग्याच्या भिंतीतूनच निघत असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळे इथेच अडते.

फुगा वाढतो तसा काहीच त्रास देत नाही. वर्षाला काही मिलिमीटर, गुपचूप. आणि एक दिवस फुटतो. फुटल्यावर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. म्हणून फुटण्याआधी तो दुरुस्त करायचा. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये साधारण ५ सेंटिमीटर झाला की ऑपरेशनचा विचार होतो. त्याआधी घाई करून फायदा नाही, हे ब्रिटन आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. लहान फुग्यावर लक्ष ठेवणे पुरते. स्त्रियांना हा आजार कमी होतो, पण झाला तर कमी रुंदीलाच फुटतो, म्हणून त्यांची मर्यादा खाली.

सगळ्यात मोठे कारण धूम्रपान. नंतर वय, पुरुष असणे, घरात कुणाला असणे, रक्तदाब. आणि जी तंबाखू महाधमनीची भिंत सैल करते तीच तिच्या फांद्यांची तोंडे बुजवते. भिंतीत चरबी आणि चुन्याचा थर साचतो, तो फांदीच्या मुखावर ओठासारखा वाढत येतो. एकाच नळाला एका जागी फुगा आणि दुसऱ्या जागी गाळ, असे दोन्ही आजार एकाच माणसात सापडतात ते त्यामुळे.

आता आतड्यांचे उपाशीपण. जेवण झाले की आतड्यांना रक्त जास्त लागते, जसे सकाळी सहाला सगळ्या चाळीत नळ सुरू होतात. एसएमएचे तोंड बुजलेले असेल तर ती वाढीव मागणी पुरी होत नाही. मग जेवणानंतर पंधरा-तीस मिनिटांत दुखणे सुरू होते आणि तास-दोन तास राहते. माणूस हळूहळू खायला घाबरतो, वजन उतरते. कॅन्सर असेल म्हणून तपासण्या होतात, त्या बऱ्या निघतात, आणि रुग्णाला सांगितले जाते की टेन्शन घेऊ नका. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. आपल्याकडे बाईने कमी खाल्ले तर ती कुणाला दिसतही नाही, ही वेगळी गोष्ट.

पण शरीर सहजासहजी हार मानत नाही. सिलिअॅक, एसएमए आणि आयएमए या तिघींच्या प्रदेशांना जोडणाऱ्या बारीक वाटा जन्मापासून असतात. सिलिअॅक आणि एसएमए यांच्यात स्वादुपिंडाभोवतीच्या वाटा आहेत, तर एसएमए आणि आयएमए यांच्यात मोठ्या आतड्याच्या कडेने जाणाऱ्या. त्यातल्या एका कमानीला रिओलॅन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाचे नाव आहे. वरची कनेक्शन्स वर्षानुवर्षे हळूहळू बुजत गेली तर या आडवाटा रुंद होतात. एरवी दोऱ्यासारखी असणारी वाट पेन्सिलीएवढी जाड आणि नागमोडी होते. मग रक्त उलटे वाहते. खालच्या छोट्या आयएमएतून वर चढते आणि एसएमएच्या सगळ्या प्रदेशाला पाजते. म्हणून तीनपैकी एक धमनी बंद असलेल्या पुष्कळ माणसांना काहीच जाणवत नाही. साधारणपणे दोन मोठ्या धमन्या अरुंद झाल्यावर त्रास सुरू होतो.

काकांचे नेमके हेच होते. सर्जननी कागदाच्या पाठीमागे चित्र काढले. वरची दोन तोंडे जवळजवळ बंद, खालची फांदी जाडजूड, आणि ती निघते फुग्यातून. काकांनी चित्र पाहिले आणि डॉक्टरांच्या आधी बोलले, "म्हणजे वरच्या मजल्यांची कनेक्शनं चोक झालीत आणि अख्खी चाळ तळमजल्याच्या नळावर पाणी भरतेय. तुम्ही तळमजल्याची लाइन बदलणार. तो नळ तोडला की चाळ कोरडी." मला जे समजायला अर्धा तास लागला ते त्यांना चित्रावरूनच कळले होते.

कारण नेहमीच्या ऑपरेशनमध्ये ती खालची फांदी बंदच केली जाते. पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत फुग्याच्या वर आणि खाली चिमटे लावून रक्त थांबवतात, फुगा उभा चिरतात, आतली गाठ काढतात आणि त्या जागी कापडी नळी शिवतात. आयएमएचे तोंड आतून टाके घालून बंद करतात. मांडीतून घालायच्या ग्राफ्टमध्ये तर टाके घालायचाही प्रश्न नाही. ग्राफ्ट फुगलेल्या भागाला आतून अस्तर लावतो आणि आयएमएचे तोंड झाकलेच जाते. निरोगी फांद्यांच्या माणसाला याने बहुधा काही होत नाही, वरून आणि कमरेतल्या धमन्यांकडून पुरवठा येतो. पण ज्याची सारी आतडी त्या एका फांदीवर अवलंबून आहेत, त्याच्यात फुगा उत्तम दुरुस्त होईल आणि तिसऱ्या दिवशी आतडे काळे पडेल. आतड्याची पूर्ण जाडी मेली तर वाचणाऱ्यांपेक्षा दगावणारे जास्त असतात असे म्हटले तरी चालेल.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. १९४८ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटात असा फुगा सापडला तेव्हा तो काढून दुसरी नळी बसवायची सोयच नव्हती. ब्रुकलिनमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी पोट उघडून फुग्याला सेलोफेनचा कागद गुंडाळला. कागदामुळे भोवती चट्टा तयार व्हावा आणि भिंत घट्ट राहावी ही कल्पना. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटायला लागला तेव्हा त्यांनी पुन्हा ऑपरेशन नाकारले आणि १८ एप्रिलला ते गेले. तोवर मार्ग निघाला होता. २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी फुगलेला भाग काढून मृत माणसाच्या महाधमनीचा तुकडा बसवला होता. पुढे अमेरिकेत ह्यूस्टनच्या मायकल डिबेकी यांनी डॅक्रॉन या कापडाच्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवून वापरल्या. दुकानात हवे ते नायलॉन मिळाले नाही म्हणून डॅक्रॉन घेतले, असे ते सांगत. आजही पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत याच जातीचे कापड असते. आतड्याच्या धमनीचे बुजलेले तोंड साफ करण्याची यशस्वी शस्त्रक्रिया शॉ आणि मेनार्ड यांनी १९५८ साली छापून आणली. मांडीतून ग्राफ्ट घालून पोटातला फुगा बंद करण्याची सुरुवात १९९० मध्ये ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी केली.

दोन दुरुस्त्या वेगवेगळ्या शिकल्या गेल्या, पण काकांसारख्या रुग्णात त्या एकत्र कराव्या लागतात. तेव्हा कशाने सुरुवात करायची आणि किती करायचे, हाच खरा प्रश्न.

एक मार्ग असा की आधी एसएमएमध्ये स्टेंट टाकायचा. मांडीतून किंवा हातातून तार घालून, बुजलेल्या तोंडात जाळीची नळी फुगवून बसवायची. नुसता फुगा मारून भागत नाही, कारण अडथळा महाधमनीच्या भिंतीचाच असतो आणि तो परत आत सरकतो. स्टेंटने आतड्याला वरून रक्त मिळू लागले की खालची फांदी गेली तरी चालते, मग काही आठवड्यांनी फुग्याचे ऑपरेशन. शरीरावर ताण कमी, आणि दरम्यान माणूस जेवू लागतो, वजन येते. अडचण अशी की स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लागतात, त्या चालू असताना मोठे ऑपरेशन म्हणजे रक्तस्राव. आणि तोवर फुगा पोटात थांबलेलाच असतो. साडेपाच सेंटिमीटरचा फुगा थोडे थांबू शकतो. साडेसातचा किंवा दुखायला लागलेला फुगा थांबवणे म्हणजे जुगार.

दुसरा मार्ग, एकाच वेळी पोट उघडून दोन्ही. महाधमनीची नवी नळी शिवायची, आणि त्या नळीपासून एसएमएपर्यंत एक बायपास जोडायचा, पायातली शीर वापरून किंवा कापडी नळीने. यातली एक खुबी मला फार आवडली. पोट उघडे असताना आतडी वर उचलून बाजूला ठेवलेली असतात. तेव्हा सरळ वाटणारा बायपास आतडी जागेवर ठेवल्यावर दुमडतो, बागेतला पाइप दुमडावा तसा. म्हणून तो मुद्दाम मोठे वळण देऊन जोडतात. काही सर्जन बायपास खालून न आणता पडद्याजवळच्या, तुलनेने निरोगी महाधमनीतून वरून आणतात. तो सरळ राहतो, पण त्यासाठी चिमटा वर लावावा लागतो आणि हृदय व मूत्रपिंडे यांच्यावर ताण वाढतो.

याच ऑपरेशनमध्ये आयएमए वाचवता येते. तिच्या मुखाभोवतीचा महाधमनीचा बटणाएवढा गोल तुकडा कापून तो नव्या नळीला भोक पाडून शिवतात. या बटणाला अॅलेक्सिस कॅरेल यांचे नाव आहे. रक्तवाहिन्या शिवण्याच्या तंत्रासाठी त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले होते. प्रत्येक रुग्णात हे करायची गरज नसते. फुगा उघडल्यावर सर्जन त्या तोंडाकडे पाहतात. ते आधीच बुजलेले असेल तर प्रश्न मिटला. त्यातून मागून जोरात, ठोके देत रक्त येत असेल तर पलीकडून पुरवठा भरपूर आहे, बंद केले तरी चालेल. मंद, नुसते झिरपणारे रक्त आले तर ती फांदी इतरांना पाजणारी आहे, तिला पाजणारे कुणी नाही. ती परत जोडायची.

तिसरा मार्ग म्हणजे छिद्रे असलेला ग्राफ्ट. रुग्णाच्या सीटीवरून माप घेऊन खास त्याच्यासाठी बनवलेला, मूत्रपिंडे आणि आतडी यांच्या धमन्यांसमोर भोके असलेला. प्रत्येक भोकातून त्या धमनीत एक छोटा स्टेंट जातो, म्हणजे अरुंद तोंडही उघडते. ज्यांचा फुगा वरच्या फांद्यांपर्यंत चढलेला आहे आणि ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस मोठे ऑपरेशन सोसणार नाही, त्यांना हे वरदान. पण तो बनून यायला आठवडे लागतात, खर्च कित्येक लाखांत जातो, आणि असे काम नियमित करणारी केंद्रे मोठ्या शहरांतच आहेत.

"मांडीतून" हा शब्द ऐकला की घरच्यांना सुटल्यासारखे वाटते, म्हणून एक आकडा सांगतो. ब्रिटनमधल्या ईव्हार-१ या चाचणीत नेहमीच्या फुग्यांसाठी पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू पोट उघडून ४.७ टक्के आणि मांडीतून १.७ टक्के होते. फरक मोठा आहे. पण पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात तो फायदा टिकला नाही. ग्राफ्टमागून गळती होऊन पुन्हा पुन्हा दुरुस्त्या लागल्या. ठरल्या तारखांना तपासणीला येणे ज्याला जमणार नाही, जो सहा महिने ऊसतोडीला किंवा गावाकडे असतो, त्याच्यासाठी सोपे ऑपरेशन नंतर अवघड ठरू शकते. हे डॉक्टरांना आपण सांगितले पाहिजे, त्यांना रुग्णाचे घर माहीत नसते.

मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील तर मात्र सर्जन आता पूर्वीइतके हात घालत नाहीत. पूर्वी वाटायचे, पोट उघडलेच आहे तर तेही करून टाकू. पण दोन्ही एकत्र केले की ऑपरेशनचा धोका वाढतो, आणि नुसत्या अरुंद धमनीत स्टेंट टाकून औषधांपेक्षा जास्त काही मिळत नाही, असे अॅस्ट्रल आणि कोरल या २००९ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसले. रक्तदाब कशानेच आवरत नसेल, छातीत वारंवार पाणी भरत असेल किंवा किडनी झपाट्याने खालावत असेल तर गोष्ट वेगळी. चिमटा मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या वर लावावा लागला तर मात्र घड्याळ महत्त्वाचे. मूत्रपिंड रक्ताशिवाय साधारण अर्धा तास तग धरते. जास्त वेळ लागणार असेल तर त्यात थंड द्रावण सोडतात. ज्याचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे त्याच्या घरच्यांनी ऑपरेशननंतर डायलिसिस लागू शकते का, हे आधीच विचारून ठेवावे. रात्री दोनला आयसीयूबाहेर ते पहिल्यांदा ऐकू नये.

भारतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. रुग्ण तरुण असेल, विशेषतः तरुण स्त्री असेल, आणि फांद्या अरुंद असतील, तर कारण तंबाखू नसून ताकायासू हा आजार असू शकतो. १९०८ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी तो नोंदवला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच महाधमनीला सूज आणते. बहुतेक ठिकाणी ती अरुंद होते, क्वचित फुगते. पंचविशीतल्या मुलीचा रक्तदाब खूप जास्त, एका हाताची नाडी लागत नाही, असे दिसले तर मोठ्या केंद्रात पाठवा. सूज चढती असताना शिवलेला जोड टिकत नाही, म्हणून शक्य असेल तर आधी औषधांनी आजार शांत करतात, मग ऑपरेशन.

हे सगळे आधी कळते ते सीटी अँजिओग्राफीने. साध्या सीटीत फुगा दिसतो, फांद्यांच्या आतली वाट दिसत नाही; त्यासाठी शिरेतून औषध सोडून स्कॅन करावा लागतो. सिलिअॅक आणि एसएमए महाधमनीच्या पुढच्या बाजूने निघतात, म्हणून त्यांची तोंडे बाजूने घेतलेल्या छेदात नीट कळतात. काकांच्या पहिल्या रिपोर्टमध्ये फुग्याची लांबी, रुंदी, मान सगळे होते. आतड्यांच्या धमन्यांबद्दल एक ओळही नव्हती, कारण लिहिणाऱ्याला तेवढेच विचारले होते. चित्रात मात्र सगळे होते. म्हणून कागदी रिपोर्टवर थांबू नका, स्कॅनची सीडी मागून घ्या आणि जपून ठेवा. आणि सर्जनना सरळ विचारा, "आतड्यांच्या तिन्ही धमन्या उघड्या आहेत का? खालची बंद केली तर चालेल का?" मी हा प्रश्न विचारल्यावर आजवर एकही डॉक्टर चिडलेला नाही. एक जण तर खुर्ची ओढून बसले आणि समजावू लागले.

काकांच्या एसएमएचे तोंड चुन्याने इतके कडक झाले होते की तार जाणार नाही असे ठरले. पोट उघडून ऑपरेशन झाले. महाधमनीची नळी, एसएमएला बायपास, आणि आयएमए बटणासह परत जोडली. सिलिअॅकला हात लावला नाही. एसएमए चालू झाली की स्वादुपिंडाच्या वाटेने तिकडे रक्त पोचते, असे सांगितले. सहा तास लागले.

आयसीयूतल्या दुसऱ्या रात्रीची एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवी. शेजारच्या खाटेवर पोटाचेच ऑपरेशन झालेले बाबा होते. त्यांना पातळ शौचाला झाली तेव्हा घरचे खूश झाले, पोट चालू झाले म्हणून. महाधमनीच्या ऑपरेशनमध्ये याच्या उलट समजायचे. पहिल्या दोन दिवसांत शौचाला होणे, त्यात रक्त असणे, पोट फुगणे, ताप, रक्तातले लॅक्टेट वाढणे या आतडे रक्ताविना कोमेजत असल्याच्या खुणा असू शकतात. लगेच नर्सला सांगायचे. डॉक्टर दुर्बीण घालून आतड्याचे अस्तर पाहतात. वरवरची इजा विश्रांती आणि औषधांनी भरते. आतडे मेले असेल तर तासाभराचाही उशीर महागात पडतो.

पैशांचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे, पण ती पॅकेजच्या यादीप्रमाणे आणि योजनेतल्या रुग्णालयातच. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. काकांच्या पहिल्या मंजुरीच्या अर्जात फक्त फुग्याचे ऑपरेशन लिहिले होते, बायपासचा उल्लेख नव्हता. सर्जनचे पत्र जोडून तो दुरुस्त करून घ्यायला तीन दिवस गेले. हे आधीच पाहा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा, आणि नाही म्हणाले तर लेखी मागा. रक्ताच्या बाटल्यांची सोयही आधीच करून ठेवा.

इंग्लंडमध्ये पुरुषाला ६५ वे वर्ष लागले की पोटाच्या एका सोनोग्राफीसाठी बोलावतात. आपल्याकडे तसा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. जयंतीच्या आरोग्य शिबिरांत आपण रक्तदाब आणि साखर तपासतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र वाटेल त्या मंडपात नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पासष्टी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढलेल्या प्रत्येक माणसाला "महाधमनीची रुंदी पाहावी" अशी डॉक्टरांची चिठ्ठी त्याच मंडपातून देता येते. साध्या सोनोग्राफीत ती पाच मिनिटांत मोजून होते. ज्याच्या घरात कुणाला असा फुगा होता त्याला आधी द्या. आणि यादीत एक प्रश्न वाढवा: जेवल्यावर पोट दुखते का, वजन उतरले का. बायकांना हा प्रश्न नवऱ्यासमोर न विचारता वेगळे घेऊन विचारा.

अशा फुग्याच्या माणसाला एकाएकी पोटात किंवा पाठीत जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली तर मुतखडा समजून इंजेक्शन घेत बसू नका. १०८ ला फोन करा आणि फुगा आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

काका अकराव्या दिवशी घरी आले. पहिले तीन आठवडे थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा खाणे. आता वजन ५३ आहे. रोज एक अॅस्पिरिन आणि रात्री कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. दर सहा महिन्यांनी डॉपलर करून बायपासमधला वेग मोजायचा आहे, पुढची तारीख जूनमधली आहे, ती सुनेने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. विडी सुटली का, असे मी परवा विचारले. "सोडली म्हणजे काय," काका म्हणाले, "मेन लाइन बदलून घेतलीय, आता त्यात परत गाळ सोडू होय?" खिशात मात्र बडीशेपेची पुडी असते आणि दर दहा मिनिटांनी हात तिकडे जातो.